चंदेरी डब्यात कोणता धातू?

गेल्या आठवड्यात सातपूरच्या एका गॅरेजात माझ्या बाइकचा सायलेन्सर काढताना स्टड, म्हणजे बिनडोक्याचा आट्यांचा बोल्ट, आतच तुटला. नवा बसवताना मेकॅनिकने आट्यांना चंदेरी लेप फासला. "साहेब, ओझरला विमानालापण हेच लावतात!" जवळच ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना १९६४पासून आहे, त्यामुळे नाशकात काहीही खपवायला एवढं वाक्य पुरतं.

लेप लागतो हे खरं. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडची काही नॅनोमीटरची साय असते. आवळताना ती खरवडली की उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो, आटे जाम. आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायच्या या लेपाला अँटी-सीझ म्हणतात. त्यातलं ग्रीस फक्त धातूची भुकटी वाहून आणतं. लहान पिस्टन विमानाच्या एक्झॉस्टमधला, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपातला वायू ७०० ते ८५० अंश सेल्सिअसला पोचतो. तिथे ग्रीस जळतं, भुकटी उरते. म्हणून प्रश्न, भुकटी कोणत्या धातूची? निकेल १४५५ अंशांना वितळतं, तांबं १०८५ला, ॲल्युमिनियम ६६०ला. जस्त? जेमतेम ४२०.

आणि जस्त नुसतं वितळून गळत नाही, तिथेच खरी गंमत आहे. स्टेनलेस स्टील म्हणजे एकमेकांना खेटून बसलेले स्फटिककण. पातळ झालेलं जस्त त्यांच्यामधल्या सीमांत शिरतं. त्याला निकेलची भारी ओढ. पोलादातलं निकेल ते आपल्याकडे खेचतं. निकेल गेलं की तिथली ऑस्टेनाइट नावाची अणूंची रचना टिकत नाही, तिची फेराइट नावाची दुसरी रचना होते, आकारमान बदलतं, सीमा उसवते आणि जस्ताला आणखी आत वाट मिळते. साधारण ७५० अंशांच्या वर, पोलादावर ताण असेल तर हे झपाट्याने होतं. बाहेरून पाइप ठणठणीत, आत भेग. भेगेतून कार्बन मोनॉक्साइड केबिनच्या हीटरमध्ये शिरला तर वैमानिकाला वाससुद्धा येत नाही.

म्हणूनच एक्झॉस्टला जस्ताचा मुलामा दिलेला पाना लावायचा नाही. साध्या शिसपेन्सिलने खूणही करायची नाही, तापल्यावर तिचा कार्बन धातूत मुरतो. खडू चालतो. खंडेनवमीला पान्यांना हळदकुंकू खुशाल लावा, पण लिंबू-मिरची जस्ताला अडवत नाही.

निकेलचा लेप निवडला तरी एक भानगड उरते. कोरड्या बोल्टवर लावलेल्या जोरातला जवळपास नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो. लेपाने घर्षण घटलं की तेवढ्याच टॉर्कला, म्हणजे आवळायच्या पिळाला, बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून इंजिनाच्या पुस्तकात टॉर्क कोरड्या आट्यांसाठी दिलाय की लेप लावलेल्या, हे आधी बघायचं.

मेकॅनिकचा डबा मी फिरवून पाहिला. लेबलवर कमाल तापमान ठळक होतं. धातूच्या नावावर ग्रीसचा अंगठा उमटलेला.