अबंधनकारक न्यायप्राधिकार : फ्रेंच–इंग्रजी अनुवाद

न्यायालयाला ज्याचा आधार घेता येतो, पण ज्याप्रमाणेच निकाल दिला पाहिजे अशी सक्ती नसते, असा निवाडा, मत किंवा मजकूर म्हणजे अबंधनकारक प्राधिकार. इंग्रजीत त्याला ‘पर्सुएसिव्ह ऑथॉरिटी’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘ओतोरिते पेर्सुआझिव्ह’ असा शब्दशः प्रयोग करता येतो आणि कॅनडात तो होतोही. पॅरिसच्या वकिलाला मात्र त्यावरून फारसा बोध होत नाही, कारण त्याच्या कायद्यात बंधनाची रेघच वेगळ्या जागी ओढलेली आहे.

इंग्लंडच्या पद्धतीत वरिष्ठ न्यायालयाचा निवाडा कनिष्ठाला बांधतो. या बंधनातून जे उरते ते पटवण्यापुरते : वसाहतींतून आलेली अपिले ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलचे निर्णय, ऑस्ट्रेलिया-कॅनडातील निवाडे, निकालाला आवश्यक नसताना न्यायाधीशाने ओघात मांडलेले मत. भारतात हीच पद्धत आली. मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा महाराष्ट्र-गोव्यातील कनिष्ठ न्यायालयांना पाळावा लागतो. मद्रासचा निवाडा इथे वकील ‘पर्सुएसिव्ह व्हॅल्यू’ म्हणून पुढे ठेवतो, न्यायाधीशाला पटला तर ठीक.

फ्रान्समध्ये मुळात अशी वाटणीच नाही. राज्यक्रांतीपूर्वी तिथली ‘पार्लमां’ नावाची न्यायालये सर्वांना लागू होणारे नियम निवाड्यांतून काढत. त्याला चाप म्हणून १८०४ च्या नागरी संहितेच्या कलम ५ ने न्यायाधीशांना सर्वसाधारण नियम घालून द्यायला मनाई केली. ही मनाई आजही आहे. ‘कूर द कासास्यों’ या सर्वोच्च न्यायालयाने एखादा निकाल रद्द करून प्रकरण दुसऱ्या न्यायालयाकडे पाठवले, तरी त्या न्यायालयाला पहिल्या खेपेस ते मत झुगारता येते. पूर्णपीठाने कायद्याच्या मुद्द्यावर निर्णय दिला की मग ते बांधले जाते. म्हणजे औपचारिकदृष्ट्या फ्रान्समधले जवळपास सगळेच निवाडे अबंधनकारक, आणि व्यवहारात सगळे वकील त्यांच्याच आधारे सल्ला देतात. जिथे सगळेच पटवण्यापुरते, तिथे ‘पर्सुएसिव्ह’ हे विशेषण लावून काय वेगळे काढायचे?

त्यात सारखे दिसणारे शब्द दगा देतात. इंग्रजी ‘ज्युरिसप्रुडन्स’ म्हणजे विधिशास्त्र. फ्रेंच ‘ज्युरिस्प्रुदांस’ म्हणजे न्यायनिर्णयांचा साठा. फ्रेंच ‘दॉक्त्रीन’ म्हणजे कायदेपंडितांचे लेखन, इंग्रजी ‘डॉक्ट्रिन’ बहुधा न्यायालयाने घडवलेले तत्त्व. ‘ओतोरिते’ हा शब्द तर फ्रेंच वकिलाला आधी निकालाच्या अंतिमतेची आठवण करून देतो, तीही त्याच पक्षकारांपुरती आणि त्याच वादापुरती.

कॅनडाला ही अडचण रोजची. क्यूबेकमध्ये नागरी संहिता, इतर प्रांतांत कॉमन लॉ (इंग्लंडसारखी निवाड्यांवर उभी पद्धत), आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे दोन्ही भाषांत. कॉमन लॉ फ्रेंचमधून शिकवण्यासाठी माँक्टन विद्यापीठाने १९७८ मध्ये विधी शाखा सुरू केली. अशा संस्थांमुळे तिथली कायद्याची फ्रेंच पॅरिसपेक्षा निराळी घडली.

युरोपीय संघाच्या कामकाज करारातील कलम २८८ मध्ये ‘शिफारशी आणि मते बंधनकारक नसतात’ हा नियम दोन्ही भाषांत सरळ उतरला आहे. तरी १९८९ च्या ग्रिमाल्डी खटल्यात संघाच्या न्यायालयाने सांगितले, की राष्ट्रीय न्यायालयांनी शिफारशी विचारात घेतल्याच पाहिजेत. बंधन नाही, पण दुर्लक्षही चालणार नाही.

शब्दांवर सर्वांत मोठी किंमत मोजली गेली ती हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. न्यायालयाच्या संविधीचे, म्हणजे त्याच्या मूळ नियमावलीचे, कलम ४१ अंतरिम उपायांबद्दल आहे. इंग्रजी पाठात न्यायालय उपाय ‘सूचित’ करते, ते योजले ‘ऑट टु’, म्हणजे जावेत, आणि पुढे त्यांनाच ‘सुचवलेले’ म्हटले आहे. फ्रेंच पाठात ‘द्वाव्ह एत्र प्रीझ’, म्हणजे योजलेच पाहिजेत. इंग्रजी वाचणाऱ्याला हा सल्ला वाटतो, फ्रेंच वाचणाऱ्याला हुकूम. अनेक वर्षे हा प्रश्न अभ्यासकांच्या वादापुरता होता.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कार्ल आणि वॉल्टर लाग्रांड या जर्मन भावांना मृत्युदंडाची शिक्षा झाली होती. अटकेनंतर आपल्या वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क त्यांना वेळेवर सांगितला गेला नव्हता. कार्लला २४ फेब्रुवारी १९९९ रोजी मृत्युदंड दिला गेला. २ मार्चला जर्मनी हेगला गेली, आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयाने वॉल्टरची शिक्षा रोखण्याचा आदेश काढला. अमेरिकी सरकारच्या सॉलिसिटर जनरलने आपल्या सर्वोच्च न्यायालयाला कळवले, की असा आदेश बंधनकारक नाही. त्याच दिवशी वॉल्टरलाही मृत्युदंड दिला गेला.

२७ जून २००१ च्या निकालात न्यायालयाने दोन्ही पाठ शेजारीशेजारी ठेवले. ते पूर्णपणे जुळत नाहीत हे त्याने मान्य केले. १९२० मध्ये मूळ मसुदा फ्रेंच होता, ही बाब नोंदवली. पण कौल त्यावर दिला नाही, आणि ते योग्यच, कारण दोन्ही पाठ सारखेच अधिकृत आहेत. आधार घेतला तो करारांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या व्हिएन्ना करार-विधी अभिसंधीच्या कलम ३३(४) चा : दोन भाषांतील अर्थ जुळत नसतील तर कराराचा हेतू पाहून मेळ घालावा. निकाल लागेपर्यंत पक्षकारांचे हक्क शाबूत ठेवणे हा अंतरिम उपायांचा हेतू. न पाळलेल्या उपायांनी तो साधत नाही. म्हणून आदेश बंधनकारक. ‘ऑट टु’ची भाषा त्या दिवसापासून फ्रेंचकडे झुकली.

आदेशांची इंग्रजीही बदलली. अमेरिकेने सर्व उपाय योजावेत, असे न्यायालयाने १९९९ च्या आदेशात ‘शुड’ वापरून लिहिले होते. १८ मे २०१७ रोजी कुलभूषण जाधव प्रकरणात, नागपूरचे हरीश साळवे भारताची बाजू मांडत असताना, न्यायालयाने एकमताने आदेश दिला तो ‘शॅल’ वापरून : अंतिम निकालापर्यंत जाधव यांना फाशी होणार नाही यासाठी पाकिस्तानने हाती असलेले सर्व उपाय योजायचे आहेत. आदेशाच्या बंधनकारकतेसाठी त्यात लाग्रांडचाच दाखला आहे. गंमत अशी, की त्याच संविधीच्या कलम ५९ नुसार या न्यायालयाचा निकाल त्या वादाच्या पक्षकारांपलीकडे कोणालाही बांधत नाही.