रीटेस्टिंग की रिग्रेशन? हळदीच्या पट्टीवरून

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘बग दुरुस्त, रिग्रेशन केले’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात फक्त फेल झालेली टेस्ट केस पुन्हा चालवलेली असते. ते झाले रीटेस्टिंग; आयएसटीक्यूबी (टेस्टिंगची प्रमाणपत्रे देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) त्यालाच कन्फर्मेशन टेस्टिंग म्हणते. रिग्रेशन म्हणजे दुरुस्तीने दुसरे काही बिघडले का ते तपासणे. व्याख्या पाठ करून हा फरक मुरत नाही. सांगलीच्या वर्गात हळदीच्या सौद्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) काढणारा छोटा पायथन प्रोग्राम द्यावा, फरक लगेच उलगडतो.

वजन 1,250 किलो, दर क्विंटलला 14,000 रुपये. रक्कम 1,75,000 यायला हवी, येते 1,68,000. किलोचे क्विंटल करणाऱ्या फंक्शनमध्ये // वापरले आहे; हे चिन्ह भागाकारातला अपूर्णांक टाकून देते. त्यामुळे 12.5 चे 12 होतात आणि शेतकऱ्याचे 50 किलो बुडतात. दुरुस्ती एका चिन्हाची: // च्या जागी /.

आता रीटेस्टिंग. नव्या बिल्डवर, म्हणजे दुरुस्त केलेल्या प्रोग्रामवर, तीच टेस्ट केस, तोच डेटा. मुले इथे हमखास 1,200 किलो टाकून बघतात. शंभराच्या पटीतले वजन चुकीच्या कोडमध्येही बरोबर उत्तर देते, म्हणजे त्या पास होण्याला काहीच अर्थ नाही. दुसरी चूक म्हणजे जुनीच फाइल चालवणे. 1,75,000 आले की बग क्लोज.

रिग्रेशनचा प्रश्न वेगळा: या दुरुस्तीने आधी नीट चाललेले काही मोडले का? इथे मोडतेच. क्विंटलमागे एक चिठ्ठी छापणारा लूप त्याच फंक्शनचे उत्तर रेंजला देतो; लूप किती वेळा फिरायचा ते रेंज ठरवते. रेंजला पूर्णांक लागतो, म्हणून ‘टाइपएरर’ (चुकीच्या प्रकारची किंमत दिल्याची त्रुटी) येतो. 1,200 किलोलाही येतो, कारण / नेहमी फ्लोट, म्हणजे दशांश संख्या देते: 12 नव्हे, 12.0. पट्टी अचूक, चिठ्ठ्या मात्र बंद! हा धक्का वर्गात बसायलाच हवा, म्हणून प्रोग्राममध्ये हा लूप मुद्दाम ठेवावा.

रिग्रेशनला कोणत्या केसेस घ्यायच्या? बदललेले फंक्शन कुठून कुठून बोलावले जाते ते एडिटरमध्ये शोधायला लावा. त्या सगळ्या जागांच्या केसेस आधी. पायटेस्टमध्ये (पायथनच्या टेस्ट आपोआप चालवणारे साधन) स्क्रिप्ट तयार असतील तर निवडत बसू नये, सगळ्याच चालवाव्यात.

चिठ्ठ्यांचा बग नव्या क्रमांकाने नोंदवायचा. जुना रीओपन केला तर कशामुळे काय मोडले याचा माग राहत नाही. आणि 1,250 किलोची केस त्याच दिवशी रिग्रेशनच्या संचात टाकायची, कारण पुढे कोणी चिठ्ठ्या सुरू करण्यासाठी पुन्हा // लिहिले तर तीच त्याला पकडेल.