छातीत दुखतं म्हणजे अँजिओग्राफी हवीच?

“वारंवार छातीत दुखतंय ना, मग एकदाची अँजिओग्राफी करून टाका, शंका तरी फिटेल.” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि तो सरसकट लागू होत नाही.

अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का ते पाहायला मनगटातून किंवा जांघेतून नळी हृदयापर्यंत नेतात. धोका कमी असतो, पण रक्तस्राव आणि क्वचित पक्षाघातही होऊ शकतो. म्हणून आधी दुखण्याची नीट चौकशी हवी. चढ चढताना छाती आवळते आणि थांबलं की काही मिनिटांत मोकळी होते का? मधुमेह, रक्तदाब, तंबाखू? बोट ठेवून दाखवता येणारी, दाबल्यावर वाढणारी कळ बहुधा स्नायूंची किंवा बरगड्यांची असते. शंका उरलीच, तर अनेकदा सीटी अँजिओग्राफी (हृदयापर्यंत नळी न नेता स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या पाहणं) किंवा स्ट्रेस चाचणी (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) पुरते.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ अभ्यासात हृदयविकार असलेले, पण प्रकृती स्थिर असलेले ५,१७९ रुग्ण होते. सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत आणि आधी औषधांवर ठेवलेल्यांत, मृत्यू व हार्ट अटॅकच्या प्रमाणात साधारण तीन वर्षांत ठळक फरक दिसला नाही. वारंवार दुखणाऱ्यांना मात्र पहिल्या मार्गाने जास्त आराम मिळाला, हेही तितकंच खरं. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा किंवा हृदय फार कमकुवत असलेले रुग्ण त्यात नव्हते. त्यांना हा निष्कर्ष लावू नये.

बसल्याजागी दुखणं, घाम, धाप, किंवा दुखणं झपाट्याने वाढत असेल, तर यातलं काहीही तोलत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.