शहाळ्याचं पाणी किती मिली होतं?

मे महिन्यात नाशिकला उन्हाचा चटका वाढला की आमच्या वॉर्डात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘सिस्टर, आईचं सोडियम कमी झालंय म्हणे.’ दिंडोरीकडच्या एक आजी अशाच आल्या होत्या. दोन दिवस जुलाब, घरच्यांनी काळजीपोटी तांब्यावर तांब्या पाजलेलं साधं पाणी आणि बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी चालूच. आजी मुलालाच ओळखेनात. रक्तातलं सोडियम आलं 118. ते 135 ते 145 असायला हवं.

सोडियम कमी म्हणजे जेवणात मीठ कमी पडलं, असा आपला समज असतो. पण बऱ्याचदा गोष्ट पाण्याची असते. वरणात मीठ बरोबर आहे आणि वरून दोन वाट्या पाणी ओतलं, तर मीठ तेवढंच राहूनही वरण अळणी होतं. आजींचं मीठ जुलाबातून आणि लघवीतून गेलं होतं, त्या बदल्यात पोटात गेलं ते नुसतं पाणी. रक्तातलं मीठ असं विरळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं, पेशी फुगतात. मेंदू कवटीत बंद, त्याला फुगायला जागाच नाही. म्हणून आधी गुंगी, मग असंबद्ध बोलणं, पुढे झटके.

‘मग सलाईन जोरात सोडा ना!’ मुलगा कळवळून म्हणाला. झटके येत असतील तर डॉक्टर तीव्र मिठाचं सलाईन देऊन सोडियम थोडं लगेच वाढवतात. एरवी घाई घातक असते. एक-दोन दिवसांत मेंदूच्या पेशी आतले क्षार बाहेर टाकून त्या विरळ रक्ताशी जुळवून घेतात. अशा वेळी सोडियम झपाट्याने वाढलं तर पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि मज्जातंतूंवरचं आवरण खराब होऊ शकतं. बोलणं, गिळणं, हातपाय हलवणं जातं, तेही काही दिवसांनी, सगळं ठीक वाटत असताना. म्हणून 24 तासांत सोडियमचा आकडा साधारण 8 च्या वर वाढू द्यायचा नाही, दर काही तासांनी रक्त तपासायचं.

त्या रात्री माझं लक्ष सलाईनपेक्षा युरोबॅगवर, म्हणजे लघवी साठणाऱ्या पिशवीवर, जास्त होतं. संध्याकाळी तासाला जेमतेम 30 मिली, गडद पिवळी लघवी. पहाटे तीनला पाहिलं तर तासाभरात 300 मिली, पाण्यासारखी. घरच्यांना बरं वाटलं, मी मात्र लगेच डॉक्टरांना फोन केला. जुलाबातून झालेली तूट सलाईनने भरून निघाली की मूत्रपिंड साचलेलं जास्तीचं पाणी एकदम सोडून देतं आणि सोडियम आपोआप उसळी मारतं. रक्त पाठवलं, डॉक्टरांनी सलाईन बदललं. इनटेक-आउटपुट चार्ट, म्हणजे पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं याची नोंद, म्हणजे नुसती कागदं भरणं, असं कुणी म्हटलं की मला ती रात्र आठवते.

सकाळी वजन घेतलं. रोज एकाच वेळी, सारख्याच कपड्यांत घ्यायचं, कारण दिवसात एक किलोचा फरक म्हणजे साधारण एक लिटर पाण्याचा फरक. म्हाताऱ्या माणसांत हाताची कातडी चिमटीत धरून काही कळत नाही, ती वयानेच सैल झालेली असते. जीभ कोरडी आहे का, उठून बसवल्यावर बीपी उतरतं का, हे जास्त खरं सांगतं.

घरी जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट उलटून बघा : एक लिटरचं आहे की 200 मिलीचं? अर्ध्या पाण्यात पूर्ण पाकीट किंवा दुप्पट पाण्यात एक, दोन्ही चूक. आणि लघवीची गोळी अशा दिवसांत घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना फोन करून विचारा.

दुपारी लेक शहाळं घेऊन आली, पाजूनही झालं होतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडंच, त्यामुळे मूत्रपिंड अधू असेल तर ते जपूनच द्यावं लागतं. ‘किती होतं गं?’ मी विचारलं. ती गोंधळली. दुसरं शहाळं तिने मोजपात्रात ओतलं, 240 मिली. तेवढ्यात आजी म्हणाल्या, ‘अर्धं माझ्या पोराला द्या, रात्रभर जागलाय तो.’ मी चार्टवर आधीच्याचं अंदाजे 240 आणि यातलं 120 लिहिलं.