असमकालिक कार्ये (वेबपानाच्या सर्व्हर-घटकांतील)

सर्व्हरवर घडणाऱ्या वेबपानाच्या एखाद्या घटकाने डेटाबेसकडे किंवा बाहेरच्या सेवेकडे मागणी टाकली की उत्तर येईपर्यंत थ्रेड (सर्व्हरवर एका वेळी एक काम चालवणारा धागा) अडकवून न ठेवता तो दुसऱ्या विनंतीसाठी मोकळा करण्याची पद्धत. प्रोग्रॅमर तिला नुसते ‘असिंक’ म्हणतात.

उगमाविषयी एकमत नाही. पुढे मिळणाऱ्या मूल्याची जणू चिठ्ठी आधीच हाती घ्यायची, ही कल्पना साधारणपणे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातली धरतात. डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनी १९७६ मध्ये ‘प्रॉमिस’ ही संज्ञा योजली. हेन्री बेकर व कार्ल ह्यूइट यांनी १९७७ मध्ये ‘फ्यूचर’ मांडले. काही जण या दोन्ही एकच गोष्ट मानतात. बार्बरा लिस्कोव्ह व ल्यूबा श्रीरा यांनी १९८८ मध्ये ‘प्रॉमिस’ दूरच्या संगणकाला केलेल्या मागणीशी जोडले व तीत येणाऱ्या चुकीचाही विचार केला. वेबपानाच्या संदर्भात हीच मांडणी अधिक जवळची वाटते, कारण तिथे उत्तर जसे येते तसे अपयशही येते. आजची ‘असिंक–अवेट’ धाटणी (कार्याला ‘असिंक’ म्हणायचे व उत्तराची वाट पाहायची तिथे ‘अवेट’ लिहायचे) एफ शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेतील २००७च्या सुमाराच्या प्रयोगांतून आली, असे बहुधा मानले जाते; सी शार्प या भाषेत ती २०१२ पासून आहे.

एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या वेब-चौकटीतील वेब फॉर्म्स या पाने रचण्याच्या पद्धतीत २.० आवृत्तीपासून (२००५) पान स्वतःला असिंक जाहीर करते. ही खूण पानावरच लागते. आतल्या यूझर कंट्रोलला (पानात बसवलेल्या घटकाला) ती लावता येत नाही, त्याने आपले कार्य पानाकडे नोंदवायचे. नोंदलेली कार्ये प्रीरेंडर टप्प्यानंतर (पान रचण्याआधीच्या तयारीनंतर) चालतात व ती संपल्यावरच एचटीएमएल तयार होते. मुदत न सांगितल्यास ती ४५ सेकंदांची असते.

समजा, आषाढीसाठी पंढरपूरच्या एका पानावर तीन घटक आहेत: भक्तनिवासातल्या रिकाम्या खोल्या, एसटीच्या जादा गाड्या आणि उजनीतून भीमेत सोडलेले पाणी. उत्तरांना अनुक्रमे २, ३ व १ सेकंद लागतात. एएसपी डॉट नेटच्या ४.५ आवृत्तीत आलेल्या पद्धतीने तिन्ही कार्ये वेगवेगळी नोंदली, तर ती एकामागून एक चालतात आणि वारकऱ्याला सुमारे ६ सेकंद थांबावे लागते. तिन्ही मागण्या आधी सुरू करून मग एकत्र वाट पाहिली तर सुमारे ३. नवशिके नेमके इथे फसतात: असिंक केल्याने पान आपोआप लवकर येत नाही. फायदा होतो तो गर्दीत, कारण तेवढ्याच थ्रेडवर अधिक विनंत्या निभावतात.

कार्याचे उत्तर ‘रिझल्ट’ने, म्हणजे ‘अवेट’ न करता थ्रेड थांबवून, ओढून घेणे मात्र घातक. जुन्या एएसपी डॉट नेटमध्ये विनंतीचा संदर्भ (ती विनंती हाताळण्याची जागा) एका वेळी एकाच थ्रेडच्या ताब्यात असतो. तो थ्रेड उत्तरासाठी थांबतो, उत्तर त्याच संदर्भात परतण्यासाठी थांबते आणि पान कायमचे अडकते. एएसपी डॉट नेट कोअर या नंतरच्या चौकटीत सहसा असा संदर्भ नसल्याने ही कोंडी होत नाही. थ्रेड मात्र वाया जातोच.

कोअरच्या व्ह्यू कंपोनंटमध्ये (पानाच्या तुकड्यात) व ब्लेझर या घटकांवर बेतलेल्या चौकटीत घटकाला स्वतःची असिंक पद्धत आहे. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे सर्व्हर घटक स्वतःच असिंक असू शकतात. त्यांत पानाचा सांगाडा आधी पाठवून उशिराचा भाग मागाहून भरता येतो.

मोठा अहवाल रचण्यासारख्या, प्रोसेसरच राबणाऱ्या कामाला या पद्धतीचा उपयोग नाही.