गोळी घेतली तेव्हा दिवस कितवा होता?

पाळी चुकून आठवडा उलटतो, टेस्टच्या पट्टीवर दोन रेषा उमटतात आणि डॉक्टर फाइलवर लिहितात, '५ आठवडे'. पहिला गोंधळ इथेच होतो. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण ती तारीख निदान आठवते तरी. गर्भ नेमका कधी राहिला हे सहसा कुणालाच सांगता येत नाही. २८ दिवसांचं चक्र धरलं तर बीजांड बाहेर पडतं चौदाव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे फाइलवरच्या पाच आठवड्यांपैकी पहिले दोन आठवडे गर्भ नव्हताच. त्या दिवसांत तापाची किंवा पोटदुखीची गोळी घेतली असेल, तर ती बाळाला बाधायला बाळ कुठे होतं?

पण हे कुणी समजावून सांगण्याआधीच मोबाइलवर शोधाशोध सुरू झालेली असते. दाढ दुखत होती म्हणून घेतलेली पेनकिलर, लघवीच्या जळजळीवरचं अँटिबायोटिक, पांढरं जात होतं म्हणून फ्लुकोनॅझोलची एक गोळी. आणि आपल्याकडे हमखास असणाऱ्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गौरी-गणपती तोंडावर आले किंवा नणंदेचं लग्न असलं की घराघरात नॉरएथिस्टेरॉन घेतलं जातं. गोळ्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी यायला हवी, ती येत नाही, आणि मग कळतं की दिवस राहिले आहेत. पाकिटातला कागद उघडला की ठळक अक्षरात दिसतं: गरोदर स्त्रियांनी घेऊ नये.

ही सूचना खरी आहे, पण ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. 'घेऊ का?' असं विचारलं तर कंपनी म्हणणार, नको. गरोदर स्त्रियांवर सहसा औषधांच्या चाचण्या होत नाहीत, त्यामुळे 'सुरक्षित' असं छापायची कुणाची तयारी नसते. या बाईचा प्रश्न आहे 'घेतली गेली, आता काय?' त्याचं उत्तर कागदावर नसतं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: कोणतं औषध, किती, आणि कितव्या दिवशी. यातला दिवस सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

गर्भ राहिल्यानंतरचे पहिले दोन आठवडे, म्हणजे डॉक्टरी हिशेबातला तिसरा आणि चौथा आठवडा, मोठे विलक्षण असतात. फलन झालेलं बीज विभागत विभागत गर्भाशयाकडे सरकतं आणि सहाव्या-सातव्या दिवसापासून अस्तरात रुजू लागतं. पुढे हात होणारी पेशी वेगळी आणि हृदय होणारी वेगळी, अशी वाटणी अजून झालेली नसते. या टप्प्यावर मोठा आघात झाला तर गर्भ टिकत नाही. पाळी थोडी उशिरा, थोडी जास्त येते आणि पुष्कळदा कळतही नाही. थोड्याच पेशी मेल्या तर उरलेल्या त्यांची जागा घेतात आणि वाढ पूर्ववत चालते. वैद्यकात याला 'सगळं किंवा काहीच नाही' असा काळ म्हणतात. पाळी चुकायच्या आधी घेतलेली बहुतेक औषधं याच काळात पडतात. आता सोनोग्राफीत ठोके दिसत असतील, तर या काळातल्या गोळीचा हिशेब बहुधा मिटलेला असतो.

'बहुधा' म्हणण्याचं कारण, काही औषधं शरीरात रेंगाळतात. सोरायसिसवर देतात ते अ‍ॅसिट्रेटिन थांबवल्यावर तीन वर्षं गर्भ राहू देऊ नये, असं सांगितलं जातं. सांधेदुखीवरचं लेफ्लुनोमाइडही असंच चिवट. ते बाहेर काढायला वेगळं औषध द्यावं लागतं. अशा वेळी 'गोळी तर पाळीच्या आधी घेतली होती' हा दिलासा पोकळ ठरतो.

खरा नाजूक काळ डॉक्टरी हिशेबातल्या पाचव्या ते दहाव्या आठवड्याचा. याच काळात अवयव घडतात. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून होतात ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवशी मिटते. हृदय त्याच्याही आधी, बाविसाव्या दिवसाच्या सुमारास धडधडू लागतं. थॅलिडोमाइडने हे वेळापत्रक जगाला फार क्रूरपणे शिकवलं. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ही झोपेची गोळी बाजारात आली, निर्धोक म्हणून खपली, आणि १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये मागे घेतली गेली. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलं व्यंग घेऊन जन्मली होती. मातांच्या आठवणी आणि औषधांच्या चिठ्ठ्या जुळवल्यावर दिसलं की शेवटच्या पाळीपासून ३४ ते ५० या दिवसांतच ही व्यंगं होत होती. त्या दिवसांतल्या सुरुवातीला गोळी घेतली तर कानांवर परिणाम, पुढे हातांवर, त्यानंतर पायांवर. हे दिवस सरल्यावर घेणाऱ्यांच्या मुलांत ती व्यंगं दिसली नाहीत. इतकं घातक औषध, पण त्यालाही तारखा होत्या.

म्हणूनच औषधांची सरसकट यादी फसवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७९ मध्ये ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरं ठरवली, आणि त्यांतून गैरसमजच जास्त होतात म्हणून २०१५ पासून ती नव्या लेबलांवरून काढायला घेतली. आपल्याकडे मात्र कितीतरी संकेतस्थळं अजून 'कॅटेगरी सी' म्हणून घाबरवतात. 'सी' चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असायचा की माणसांमधली पुरेशी माहिती नाही.

मग खरोखर घाबरावं अशी औषधं कोणती? यादी लहान आहे, पण ती गंभीरपणे घ्यावी. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या (मलम नव्हे) पहिल्यांदा येतात. अवयव घडण्याच्या काळात त्या पोटात गेल्या तर मोठ्या व्यंगाचा धोका २० ते ३५ टक्के. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट, अवयवरोपणानंतर देतात ते मायकोफेनोलेट, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरीन आणि फिटवरचं व्हॅल्प्रोएट हीही त्यातलीच. यांपैकी काही घेतलं असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

याउलट कित्येक बदनाम औषधांचा धोका नंतरच्या महिन्यांतला असतो. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक बाळाच्या दातांवर डाग पाडतं, पण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून, म्हणजे दातांत कॅल्शियम साठू लागल्यावर. आयब्रुप्रोफेनसारख्या पेनकिलर विसाव्या आठवड्यानंतर टाळायच्या, कारण त्या बाळाच्या मूत्रपिंडांवर आणि शेवटच्या तिमाहीत हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीवर परिणाम करतात. रक्तदाबाच्या 'प्रिल' गटातल्या गोळ्यांचा मुख्य धोकाही दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत; कळल्याबरोबर डॉक्टर त्या बदलून देतात. तातडीची गर्भनिरोधक गोळी फसली आणि गर्भ राहिला, तर ती त्या गर्भाला इजा करत नाही. नॉरएथिस्टेरॉनबद्दलचे जुने इशारे मोठ्या डोसचे, दीर्घकाळ घेतल्याचे आणि आठव्या आठवड्यापुढचे आहेत. सणापुरत्या चार-आठ दिवसांच्या गोळ्या, त्याही गर्भ राहण्याच्या आगेमागे, ही गोष्ट निराळी.

आता एक आकडा, जो मला वाटतं तपासणीच्या खोलीत भिंतीवर लावायला हवा. काहीही औषध न घेतलेल्या शंभर स्त्रियांच्या बाळांतही दोन-तीन बाळांना मोठं जन्मजात व्यंग असतं. गोळी घेतल्यावर विचारायचं ते यात भर पडली का, आणि किती. १९८९ मध्ये टोरांटोतल्या संशोधकांनी निरुपद्रवी औषधं घेतलेल्या गरोदर स्त्रियांना विचारलं की तुमच्या बाळाला व्यंग असण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते. सरासरी उत्तर आलं २४ टक्के, जवळजवळ थॅलिडोमाइडच्या तोडीचं.

ही भीती निव्वळ मनातच राहत नाही. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर ग्रीसमध्ये अफवा पसरल्या, काही डॉक्टरही गोंधळले, आणि हव्या असलेल्या सुमारे २,५०० गर्भांचा गर्भपात झाला, असा अंदाज पुढच्या वर्षी संशोधकांनी मांडला. ग्रीसमध्ये पोहोचलेला किरणोत्सार गर्भात व्यंग निर्माण करण्याच्या पातळीच्या आसपासही नव्हता.

एखाद्या औषधाबद्दलची शंका कशी उठते आणि कशी निवळते, याचं चांगलं उदाहरण बोट्सवानातलं आहे. एचआयव्हीवरचं डोल्युटेग्रॅव्हिर गर्भ राहताना चालू असलेल्या ४२६ मातांच्या बाळांपैकी चौघांत मज्जारज्जूचं व्यंग आढळल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. प्रमाण जवळजवळ १ टक्का, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. जगभर खबरदारीच्या सूचना निघाल्या. नोंदी मात्र चालू राहिल्या. माता १,६८३ झाल्या तेव्हा प्रमाण ०.३ टक्के होतं. नऊ हजारांपुढे गेल्या तेव्हा ०.११ टक्के, म्हणजे इतर औषधं घेणाऱ्यांइतकंच. पहिल्या बातमीवर थांबलेल्याला अजूनही ते औषध धोक्याचंच वाटत असेल.

आपल्याकडची एक अडचण पुस्तकात सापडत नाही. मेडिकलवाला पट्टीच्या दोन गोळ्या कापून देतो, नाव राहतं दुसऱ्या तुकड्यावर. फॅमिली डॉक्टर कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या बांधून देतात. मग 'पिवळी, छोटी होती' एवढ्यावर सल्ला कसा द्यायचा? त्या डॉक्टरांकडे किंवा दुकानात परत जाऊन नाव लिहून घेणं हेच पहिलं काम. काढे, चूर्णं, भस्मं याच यादीत लिहावीत. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं जास्त आढळलं होतं. 'नैसर्गिक आहे' म्हणून ते यादीतून वगळू नये.

आणखी एक गोष्ट बायका बहुतेक वेळा लपवतात: दुकानातून आणून परस्पर घेतलेल्या गर्भपाताच्या गोळ्या. त्या घेऊनही गर्भ टिकला तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. त्यातल्या मिसोप्रोस्टॉलमुळे बाळाच्या चेहऱ्याच्या नसांवर आणि हातापायांवर परिणाम होऊ शकतो. सगळ्यांना होतो असं नाही, पण इथे तपासणी टाळून चालत नाही.

घाबरून औषध बंद करणं तर त्याहून वाईट ठरू शकतं. फिटची गोळी एकदम सोडली आणि जोराची आकडी आली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवतात. अशा नोंदींमुळेच कळलं की व्हॅल्प्रोएटने साधारण दहा टक्के बाळांत मोठं व्यंग येतं, तर लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटॅमने तीन टक्क्यांच्या आसपास. बदल शक्य असतो, पण तो मेंदूविकारतज्ज्ञाने करायचा. थायरॉइड, दमा, नैराश्य यांच्या औषधांचंही तेच.

गर्भ ठेवायचा की नाही, या निर्णयाची घाई सहाव्या आठवड्यात नसते. ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी आणि १८ ते २० आठवड्यांचं व्यंग शोधणारं अ‍ॅनोमली स्कॅन हृदय, मणका, हातपाय नीट दाखवतं. बुद्धी किंवा वागणं मात्र त्यात दिसत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने २४ पर्यंत, आणि गंभीर व्यंग निघालं तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यापुढेही. म्हणजे स्कॅन बघून ठरवायला वाव आहे.

घाई करायची असेल तर ती फॉलिक अ‍ॅसिडची. मज्जारज्जूची नळी मिटते सहाव्या आठवड्यात, आणि तोवर कित्येक जणींना बातमी नुकतीच कळलेली असते. फाइलवर पाच आठवडे लिहिले असतील तर आजच सुरू केलेल्या गोळीचा अजून उपयोग होऊ शकतो. ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. दुकानात बहुधा ५ मिलिग्रॅमची मिळते, ती फिटची औषधं चालू असलेल्यांना किंवा आधीच्या बाळाला असं व्यंग होतं त्यांना डॉक्टर मुद्दाम देतात. आपल्याला कोणती, हे डॉक्टरांना फोनवर विचारून घ्यावं.