घटनास्थळाचे संरक्षण व तपासाची आखणी (इंदूर)

गुन्ह्याची जागा मूळ स्थितीत राखणे आणि कोणता पुरावा आधी नाहीसा होईल हे ओळखून तपासाची कामे लावणे, या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. फ्रान्समधील ल्यों येथे १९१० साली गुन्हेतपासाची प्रयोगशाळा उभारणारे एदमों लोकार यांनी मांडलेले तत्त्व याच्या मुळाशी आहे : संपर्क आला की दोन्हीकडे काहीतरी मागे राहते. ते गुन्हेगाराला लागू पडते, तसेच मागाहून आलेल्या प्रत्येकालाही.

राजवाडा आणि सराफ्याच्या आसपासच्या जुन्या वस्तीत हे फार जाणवते. वाड्याला एकच दिंडी दरवाजा, जिना सामाईक. आरडाओरडा झाला की शेजारीपाजारी वर धावतात. कुणी मृतदेहावर चादर घालते, कुणी पंखा बंद करते, घरातली एखादी वडीलधारी बाई फरशी पुसून घेते. यामागे माया असते, पण चादरीचे धागे नि केस मृतदेहावर येतात, बटणावरचा ठसा जातो, रक्ताच्या थेंबांची दिशा पुसली जाते. भारतीय न्याय संहितेचे कलम २३८ गुन्हेगाराला वाचवण्याच्या हेतूने पुरावा नष्ट करणाऱ्यासाठी आहे. भाबडेपणाने फरशी पुसणाऱ्याला ते लागू होत नाही. पुरावा मात्र तितकाच जातो. म्हणूनच हे शिक्षण पोलिसांइतकेच मोहल्ल्यालाही मिळायला हवे.

पहिल्यांदा पोहोचलेल्या शिपायाने आधी जखमीचा जीव पाहावा. मग दोरी बांधावी, ती वाटते त्यापेक्षा लांब, कारण पळवाटेवरचे ठसे खोलीबाहेर असतात. आत जाण्यायेण्याचा एकच मार्ग ठरवून प्रत्येकाचे नाव व वेळ नोंदवावी. टीआय (ठाण्याचे प्रमुख निरीक्षक) साहेब असोत की मोठे अधिकारी, ही नोंद कुणालाही चुकू नये. वस्तू हलवण्याआधी मोजपट्टी ठेवून छायाचित्र आणि नकाशा. प्रत्येक नमुन्यासाठी नवे हातमोजे. रक्ताने भिजलेले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधतात. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. घरच्या मंडळींचे ठसेही घेतात, म्हणजे परके ठसे वेगळे काढता येतात.

इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. राज्याची मुख्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागरला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येणे आणि तेथील कामाचे चित्रीकरण करणे बंधनकारक झाले आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. झडती-जप्तीचे चित्रीकरण कलम १०५ खाली येते.

आखणीचा क्रम नाशवंतपणावर ठरवावा. पावसाळ्यात अंगणातले पाऊलठसे सर्वांत आधी. मग दुकानांच्या कॅमेऱ्यांतील चित्रण, कारण डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) काही दिवसांत जुन्यावर नवे लिहितो. डीव्हीआरचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे, हेही तिथेच टिपून ठेवावे. साक्षीदारांना लवकर आणि वेगवेगळे विचारावे, एकमेकांचे ऐकून त्यांची आठवण बदलण्याआधी.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, हा सगळा क्रम उलटतो. राजवाड्याजवळचा रस्ता रंगपाण्याने वाहत असतो, हजारो पावले त्यावरून गेलेली असतात. तिथे दोरी बांधून फारसे काही हाती येत नाही. गच्च्यांवरून लोकांनी काढलेले व्हिडिओच आधी गोळा करावे लागतात, आणि तेही मूळ फोनमधून, हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे ताडण्याचा सांकेतिक आकडा) व भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह.